न वळणारी बोट

सुरुवातीला मी सगळा दोष केकला दिला. मग काही दिवस शेजारच्या गुनवोरला दिला, मग आस्बयर्नला, आणि एका संध्याकाळी तर फेरीबोट बांधणाऱ्या कारखान्यालाही दिला. मार्गुन, म्हणजे माझी बायको, समोर बसून मोजे विणत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आता उरलं कोण?"

उरलो होतो मी. जन्मभर बेटावरच्या मुलांना वजाबाकी शिकवली, आणि स्वतःची बाकी काढायला मला बायको लागली.

तर झालं असं की आमची सिल्ये कप्तान झाली. 'आमची' म्हणजे माझ्या शाळेतली. गणिताच्या वहीत गणितं कमी आणि बोटी जास्त काढायची. एकदा तिने बादलीभर खेकडे वर्गात सोडले होते, आणि तेव्हा माझ्या वर्गाच्या नियमाप्रमाणे तिला उभं राहून कबुली द्यावी लागली होती. हा नियम नीट समजून घ्या, पुढे तो लागणार आहे. माझ्या वर्गात शिक्षा नव्हती. ज्याची चूक, त्याने उभं राहायचं आणि काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. 'पण' म्हणायचं नाही, 'कारण' म्हणायचं नाही. मग सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, "ऐकलं. मिटलं." त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कुणी कधी चकार शब्द काढायचा नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. जिल्ह्याच्या शिक्षकांपुढे मी त्यावर भाषणही केलं होतं. त्या दिवशी सिल्ये टेबलावर चढून उभी राहिली होती (खाली खेकडे होते) आणि म्हणाली होती, "मी खेकडे सोडले." वर्ग म्हणाला, "ऐकलं. मिटलं." खेकडे मात्र आठवडाभर मिटले नाहीत.

ही सिल्ये आता मंगळवारी सकाळच्या खेपेला पहिल्यांदा कप्तान म्हणून बोट नेणार होती. मात्र बोटीच्या कंपनीच्या मनात पैलतीरावरचा दुसराच एक माणूस होता, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कंपनीने हाल्वोर नावाचा एक तपासनीस तिच्या शेजारी बसायला पाठवला होता. खेप नीट पार पडली, वेळेत सुटली, वेळेत लागली, तर जागा सिल्येची. नाहीतर तिने पुन्हा खाली जाऊन दोरखंड ओढायचे. इतकं ते सरळ होतं.

आपल्या विद्यार्थिनीच्या पाठीशी मास्तरांनी उभं राहायला नको का? मी ठरवलं, तिला बदामाच्या कड्यांचा केक द्यायचा.

"बन घेऊन जा दोन," मार्गुन म्हणाली.

"कप्तानाला बन?"

"कप्तान काय बन खात नाहीत?"

पण काही प्रसंगांना मनोराच लागतो. हा केक म्हणजे कड्यांवर कडी रचलेला मनोरा असतो. खाली सगळ्यात मोठं कडं, वर जाता जाता लहान होत जाणारी, टोकाला कागदी झेंडे. लग्नात असतो, बारशाला असतो. कडी भाजताना पहिल्या खेपेला माझी वर्तुळं अंडाकृती झाली आणि दुसऱ्या खेपेला चौकोनी. भूमितीच्या शिक्षकाला हे लागतंच. तिसऱ्या खेपेला मार्गुनने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि मग मनोरा सुरेख झाला.

मी नियमाने चालणारा माणूस. म्हणून कंपनीच्या कचेरीत फोन केला. बराच वेळ फोनवरची बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

"बोटीवर छोटासा समारंभ करायचा आहे," मी म्हणालो.

"ज्वलनशील पदार्थ आहे का काही?"

"केक आहे."

"मेणबत्त्या?"

"नाही. झेंडे."

"कुठल्या देशाचे?"

"आपल्याच."

टाइप केल्याचा आवाज आला. "केक हे सामान आहे की माल?"

"फरक काय?"

"हातात धरलं तर सामान. चाकांवरून आलं तर माल."

"आणि मी गाडीत बसून मांडीवर धरला तर?"

पुन्हा बासरी. वरिष्ठांना विचारून तो परत आला. "केक गाडीतच ठेवा. बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर माणसाला थांबता येत नाही. केकने थांबू नये असं कुठे म्हटलेलं नाही."

इथे गाडी आली. एरवी मी बोटीवर गाडी नेतच नाही. दर मंगळवारी मी पायी बोटीवर चढतो, खिडकीशी माझ्या जागेवर बसतो, पलीकडे उतरून बस धरतो आणि गावातल्या वाचनालयात मुलांना गोष्टी सांगतो. निवृत्त झाल्यापासून हा क्रम चुकलेला नाही. माझ्या पायांना तो रस्ता माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. हे वाक्यही लक्षात ठेवा.

गाडी अंगणात पुसायला काढली तशी कुंपणावरून गुनवोर डोकावली. गुनवोर कुंपणाची उंची आपल्या हनुवटीप्रमाणे ठेवते.

"कुलूप लाव हो तिला," ती म्हणाली.

मी हसलो. आमच्या बेटावर गाडीला कुलूप लावत नाहीत. बोटीच्या रांगेत गाडी उभी करायची, किल्ली आतच ठेवायची आणि कॉफी प्यायला जायचं. रांग हलली की मागचा माणूस आपली गाडी पुढे घेतो, मग उतरून आपल्या शेजाऱ्याची घेतो. गाडीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं.

"हसतोस काय? तो कंपनीचा माणूस येतोय ना? ही कचेरीतली माणसं केक बघितला की आधी एक कडं तपासून बघतात. मग दुसरं. तू वर कॉफी पीत बसशील आणि खाली राहतील नुसते झेंडे."

तेवढ्यात आस्बयर्न आला. आस्बयर्नने हयातभर नावा बांधल्या. आता नावा नाहीत, त्यामुळे त्याचं ज्ञान अंगणाअंगणात वाटलं जातं.

"मनोरा पडतो कशाने?" त्याने विचारलं.

"कशाने?"

"हलल्याने. गाडी हलता कामा नये. हँडब्रेकवर माझा विश्वास नाही." तो घरी गेला आणि ओकच्या लाकडाच्या चार पाचरी घेऊन आला, वर एक मोगरी. "चाकाखाली ठोक. चांगल्या ठोक. आहे तिथून हलली तर माझं नाव लावणार नाही."

या बाबतीत आस्बयर्नला नाव बदलावं लागलं नाही, हे मी इथेच सांगून टाकतो.

मंगळवारी सकाळी धक्क्यावर आमचा योस्तेन गाड्यांना हातवारे करत होता. हा बोटीवरचा खलाशी, आणि तोही माझाच विद्यार्थी. शाळेत याला उजवं-डावं कळत नसे. आज अख्खं बेट त्याच्या हाताकडे बघून उजवं-डावं करतं.

त्याने खिडकीतून आत बघितलं. "मास्तर! लग्न कुणाचं?"

मी त्याच्या कानात बेत सांगितला. बोट पैलतीराला लागली की माझी गाडी सगळ्यात आधी उतरणार. ती मी धक्क्याच्या कडेला उभी करणार. बाकीच्या गाड्या गेल्या की सिल्येला खाली बोलवायचं आणि केक द्यायचा. योस्तेनचे डोळे चमकले. त्याने मला रांगेतून काढलं आणि बोटीच्या पैलतीराकडच्या अगदी तोंडाशी, रॅम्पच्या आत, मधोमध उभं केलं. आमची बोट जुनी आणि तोंड अरुंद. एका वेळी एकच गाडी बाहेर पडते.

"इथे हिसके सगळ्यात कमी बसतात," तो म्हणाला. "शववाहिका इथेच उभी करतो आम्ही. आजवर एकाही प्रवाशाची तक्रार नाही."

मी हँडब्रेक ओढला. गिअर टाकला. चारी चाकांना पाचरी ठोकल्या. कुलूप लावलं, आणि त्यासाठी किल्लीचं भोक दाराला नेमकं कुठे आहे ते आधी शोधावं लागलं. किल्ली कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि खिशाला बटण लावलं. 'किल्ली हरवशील' असं मार्गुनने बजावलं होतं, आणि तुम्हाला सांगतो, किल्ली एक क्षणही हरवली नाही.

मग मी वर गेलो, कॉफी घेतली आणि लोणी-साखर लावलेलं गरम स्वेले घेतलं. आमच्या बोटीवरची ही जाड धिरडी ज्याने खाल्ली नाहीत त्याने खाडी ओलांडली असं आम्ही मानत नाही. माझ्या जागेवर बसलो, तर समोर पिवळी जाकिटं घातलेली सगळी बालवाडी! बालवाडीच्या हेल्गाबाई मुलांना वाचनालयात माझीच गोष्ट ऐकवायला घेऊन निघाल्या होत्या.

पुढचे दोन दात पडलेली तुवा माझ्या गुडघ्याला टेकली. "आजोबा, बोटीचं तोंड कुठेय?"

असा प्रश्न आला की मला जग दिसेनासं होतं. मी स्वेले बाजूला ठेवलं.

"दोन्हीकडे," मी म्हणालो.

"मग शेपूट?"

"शेपूट नाहीच. इकडून गाड्या चढतात, तिकडून उतरतात. परत येताना तिकडून चढतात आणि इकडून उतरतात. कप्तान फक्त वरच्या खोलीत इकडच्या खुर्चीवरून उठून तिकडच्या खुर्चीवर बसते."

"मग बोट वळते कधी?"

"कधीच नाही."

"कधीच कधीच नाही?"

"ही बोट आजवर कधी वळली नाही आणि वळणारही नाही. लिहून ठेवा."

"आम्हाला लिहिता येत नाही," तुवा म्हणाली.

"मग पाठ करा."

मुलांनी पाठ केलं. मग आम्ही खेळ केला. सगळे एका बाकावरून उठून समोरच्या बाकावर जायचे आणि ओरडायचे, "न वळता आलो!" बाकीचे प्रवासी कौतुकाने बघत होते. मला इतका आनंद झाला होता की बोट धक्क्याला लागली ती कळलीसुद्धा नाही. हेल्गाबाईंनी मुलांच्या जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, जरा शेवटी चालाल का? कुणी मागे राहायला नको."

तुवाने माझा हात धरला. ज्याचा हात लहान मुलाच्या हातात असतो, त्याला आपली गाडी असते हे आठवत नाही. निदान मला आठवलं नाही. कुणी मागे राहायला नको म्हणून मी बाकांखाली वाकून बघितलं. एक टोपी सापडली. मग पायी प्रवाशांच्या फळीवरून, गाणं म्हणत, मी थेट बसमध्ये जाऊन बसलो. माझ्या पायांनी त्यांचं काम चोख केलं.

बस चढणीला लागली. तो रस्ता वळणावळणाने वर जातो आणि प्रत्येक वळणावर खाली खाडी दिसते. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच तुवाने काचेला नाक लावलं.

"आजोबा, बोट वळली."

"बोट वळत नाही, बाळ."

"वळतेय पण."

"तसं वाटतं. बस वळते ना, म्हणून बोट वळल्यासारखी दिसते. याला म्हणतात सापेक्ष गती."

मुलांनी 'सापेक्ष गती' असं दोनदा म्हणून बघितलं. पुढच्या वळणावर सगळी बालवाडी काचेला चिकटली. "आजोबा, बोट वळली! वळली! वळली!"

मी चष्मा पुसून बघितलं. खाली खाडीच्या मधोमध आमची बोट, जी आजवर कधी वळली नव्हती, ती परातीतल्या भाकरीसारखी सावकाश फिरत होती. तिचं बेटाकडचं तोंड आता पैलतीराकडे येत होतं. असं का करावं कुणी? मी शिक्षक, उदाहरण सोडवल्याशिवाय मला राहवत नाही. बोट उलटी लावायची म्हणजे गाड्या मागच्या तोंडाने काढायच्या. मागच्या तोंडाने काढायच्या म्हणजे पुढचं तोंड अडलेलं आहे. पुढचं तोंड अडलंय म्हणजे तिथे काहीतरी आहे. काय बरं असेल?

आणि कोटाच्या आतल्या खिशात, बटणाच्या आत, मला काहीतरी टोचलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण म्हणतो. इथे कळसा माझ्या काखेत होता, आणि वळसा घालत होती बोट.

तेवढ्यात बसचा ध्वनिक्षेपक खरखरला. चालक रोआर, हाही माझाच विद्यार्थी, म्हणाला, "बसमध्ये मास्तर असतील तर हात वर करा."

मी हात वर केला. सगळी बस वळून बघायला लागली. मुलांनाही वाटलं काहीतरी छान आहे, म्हणून त्यांनीही हात वर केले.

"योस्तेनचा फोन आहे. विचारतोय, गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"काय? मोठ्याने बोला मास्तर, मागे ऐकू येत नाही." हे वाक्य वर्गात मी त्याला रोज म्हणत असे.

"आहे!"

रोआरने मला वळणावर उतरवलं. बस पुढे गेली. मागच्या काचेतून पिवळी जाकिटं हात हलवत होती. मी खाली चालू लागलो.

आणि खालून गाड्या वर यायला लागल्या. उलट्या उलट्या बोटीबाहेर पडलेल्या, उशीर झालेल्या, बेटावरच्या एकूण एक गाड्या. तो रस्ता अरुंद आहे. कडेला खडक. लपायला झुडूपही नाही.

पहिली काच खाली आली. गायनमंडळातली ओसे, गाल सुजलेला. "काही वाटून घेऊ नका मास्तर. दंतवैद्य म्हणाला, दात पळून जात नाही."

मग मासळीचा ट्रक. स्तोलेने भोंगाच वाजवला. "मास्तर! माझे मासे म्हणाले, आम्हाला पाण्यात सोड, आम्ही आपले पोहत पुढे जातो!"

मग पाद्रीबाई. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे प्रेमाने बघितलं, काहीच बोलल्या नाहीत आणि काच वर केली. तिघांत हे सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी एक मोठी, आत अख्खं घर असलेली गाडी आली. चालवणारा परदेशी पाहुणा, घामाघूम झालेला. गाडी थांबवून तो काळजीने म्हणाला, "आजोबा, गाव वर आहे. तुम्ही उलट्या दिशेला चाललात. सोडू का?"

"नको, नको. पाय मोकळे करतोय."

"खाली फार गोंधळ आहे हो. कुणीतरी मूर्ख माणूस आपली गाडी दारात सोडून निघून गेला! कुलूप लावून! चाकाखाली पाचरी मारून! आठ जण ढकलत होते, हलली नाही. आणि मला हे सगळं घर उलटं काढावं लागलं. माझी बायको अजून बोलत नाहीये."

आता इथे एक सभ्य माणूस काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. ते मी मुलांना शिकवलेलं आहे.

मी मान हलवली आणि म्हणालो, "काय एकेक लोक असतात!"

तो गेला. मी खडकाला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. गाडी विसरल्याची लाज वाटत होती, पण ती थंडीसारखी बाहेरून लागत होती. ही दुसरी लाज आतून आली, आणि तिच्यावर कोटाचा उपयोग नव्हता.

धक्क्यावर पोचलो तर बेटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग वळणापर्यंत गेली होती, आणि रिकाम्या बोटीत पलीकडच्या तोंडाशी, समुद्राकडे बघत, माझी गाडी एकटी उभी होती. तिच्या काचेला नाक लावून एक उंच माणूस आत बघत होता. हाच हाल्वोर असणार. गुनवोरचं म्हणणं मला क्षणभर पटलं.

जिन्यावरून सिल्ये खाली आली. खांद्यावर नव्या कोऱ्या पट्ट्या. चेहरा पांढरा.

"मास्तर," ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"केक तुमचा?" हाल्वोरने काचेवरून नाक न काढता विचारलं.

"माझा. म्हणजे तिच्यासाठी. तिची आज पहिली खेप, म्हणून."

सिल्येने पहिल्यांदाच वाकून आत बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं.

"बोट वळवताना मी इथे उभा होतो," हाल्वोर म्हणाला. "वाऱ्यात, ओहोटीच्या ओढीत, अख्खी बोट फिरवून उलटी लावली. मी हा मनोरा बघत होतो. एक कडं हललं नाही. एक झेंडासुद्धा नाही. कप्तानांची परीक्षा घ्यायला असं साधन मला कधी मिळालं नव्हतं." मग तो सरळ झाला. "पण उशीर तो उशीर. मला कारण विचारतील. आणि कप्तानाच्या बोटीवर काय कसं उभं आहे, ही कप्तानाची जबाबदारी असते."

म्हणजे ठरलंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात सिल्ये म्हणाली, "आधी गाडी काढा मास्तर. रांग थांबलीय."

पाचरी निघेनात. मोगरी कुठे ठेवली ते आठवेना. समुद्राच्या पाण्याने ओक फुगला होता. योस्तेनने लाथा घालून तीन काढल्या, चौथीला माझा मान राखून शिवी दिली, तेव्हा ती निघाली. मी गाडीत बसलो. बाहेर सिल्ये, हाल्वोर, योस्तेन, आणि धक्क्यावर रांगेतले सगळे. मी गाडी सुरू केली आणि आज सकाळपासून बिघडलेलं सगळं निदान आता तरी नीट व्हावं म्हणून अतिशय काळजीपूर्वक क्लच सोडला.

गाडीने बेडकासारखी उडी मारली.

मागच्या सीटवर आधी झेंडे पडले. मग लहान कडी, मग मोठी, मग सगळीच. शेवटचं कडं माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि गिअरच्या दांड्यात अडकून बसलं.

योस्तेन म्हणाला, "हे मात्र बोटीने नाही केलं."

गाड्या चढल्या. बोट सुटली. माझी गाडी पुन्हा बोटीवरच होती, कारण दुसरं कुठे जायचं हे मला सुचलं नव्हतं. किल्ली आत होती आणि कुलूप नव्हतं. सिल्येने मला वर सुकाणूच्या खोलीत बोलावलं. हाल्वोर तिथेच बसला होता. तिने ध्वनिक्षेपकाचा माइक माझ्या हातात दिला.

"खाली सगळे विचारतायत," ती म्हणाली. "सांगा."

मी घसा साफ केला. "प्रवासी बंधुभगिनींनो, आज सकाळी काही अपरिहार्य आणि परस्परांशी निगडित अशा घटनांच्या योगाने..."

तिने माइकवर हात ठेवला. डोळे समोर खाडीवर होते. "उभं राहून, मास्तर. एका वाक्यात. 'पण' नाही, 'कारण' नाही."

मी उभा राहिलो. खाली बसलेल्या निम्म्या माणसांना मी असंच उभं केलेलं होतं. किती सोपं वाटायचं ते फळ्यासमोरून! आता माझी टेकायची खुर्ची मागे राहिली होती.

"मी, ओड्वार, आज माझी गाडी कुलूप लावून बोटीच्या तोंडाशी विसरून निघून गेलो, आणि रस्त्यात एका पाहुण्याने तक्रार केली तेव्हा ते दुसऱ्याच कुणी मूर्खाने केलं असं भासवलं."

या दुसऱ्या भागाबद्दल कुणालाच ठाऊक नव्हतं. सिल्येने चमकून माझ्याकडे बघितलं.

मग खालून, बाकांवरून, कॉफीच्या टेबलांवरून, डेकवरून, जाड झालेल्या, फाटलेल्या, पण मला एकेक ओळखू येणाऱ्या आवाजांत आलं, "ऐकलं. मिटलं."

हाल्वोरला आमच्या शाळेचा नियम माहीत नव्हता. तो जरा वेळ ऐकत राहिला. मग खिशातून त्याने रुमाल काढला. रुमालात बदामाचं अर्धं कडं होतं. (गुनवोर, तुझं खरं होतं.) ते चावत चावत तो म्हणाला, "उशिराचं कारण ऐकलं. कारण बोटीचं नाही, कप्तानाचं नाही. मिटलं."

सिल्येने बोटीचा भोंगा वाजवला, गरजेपेक्षा बराच लांब.

जागा तिलाच मिळाली. मोडकी कडी सगळ्यांनी कॉफीत बुडवून खाल्ली. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण माझा नियम किती कडक होता ते मला त्यानंतर कळलं. बेटावर कुणीही, कधीही, त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी बोटीवर चढलो की योस्तेन टोपीला हात लावतो आणि मुद्दाम हवेबद्दल बोलतो. स्तोले मला बघून भोंग्यावरचा हात काढून घेतो. मी दुकानात गेलो की दुकानातलं हसू थांबतं आणि बटाट्यांच्या भावाची चर्चा सुरू होते. गुनवोरसुद्धा, जिने आयुष्यात एकही विषय अर्धा सोडलेला नाही, ती कुंपणावरून नुसतं "बरं आहे ना?" म्हणते. मी मार्गुनला म्हणालो, "एकदा कुणीतरी चिडवायला हवं होतं." ती म्हणाली, "नियम कुणाचा?" मला वर्गातली ती सगळी मुलं आठवायला लागली, मिटलं म्हटल्यावर खाली बसणारी, आणि नंतर आठवडाभर कुणाशी न बोलणारी. मला वाटायचं, शहाणी झाली.

परवाच्या मंगळवारी मी खिडकीशी बसलो होतो. बालवाडी पुन्हा निघाली होती. बालवाडीला माझा नियम कुणी शिकवलेला नाही. तुवाचा एक नवा दात अर्धा उगवला होता. तिने बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजोबा, आज गाडी आणलीय का तुम्ही?"

सगळे कप जागच्या जागी थांबले. सगळे डोळे कपात गेले. हेल्गाबाई लाल झाल्या.

"नाही," मी म्हणालो. "आज नुसते पाय आणलेत."

"मग आज बोट नाही वळणार?"

"नाही."

"पण तुम्ही म्हणाला होतात, ही बोट कधीच वळत नाही. आम्ही पाठ केलं होतं."

"ते चुकीचं होतं, बाळ," मी म्हणालो. उभा राहिलो आणि मागच्या टेबलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "नवीन पाठ करा. ही बोट वळते. फक्त तिला वळवायला एक चांगली कप्तान लागते आणि एक मास्तर लागतो."

आधी योस्तेनला ठसका लागला. मग हसू फुटलं ते पार खालच्या डेकपर्यंत गेलं. आणि वरून, सुकाणूच्या खोलीतून, भोंगा वाजला.